अकरा जणांचं गणित : सेंटर कॉलेजचा १९२१ चा फुटबॉल मोसम

२९ ऑक्टोबर १९२१ ला, शनिवारी दुपारी, बॉस्टनच्या हार्वर्ड स्टेडियमवर चाळीस हजारांवर माणसं जमली होती. यजमान हार्वर्ड विद्यापीठ, पाहुणे केंटकी राज्यातल्या डॅनव्हिल या छोट्या गावचं सेंटर कॉलेज. हार्वर्डकडे हजारो विद्यार्थी, स्वतःचं काँक्रीटचं स्टेडियम आणि १९१९ व १९२० असे लागोपाठ दोन मोसम एकही पराभव नाही. सेंटरमध्ये सगळे मिळून तीनशेहूनही कमी विद्यार्थी. सामना सेंटरने ६-० असा जिंकला.

अमेरिकेत ही हकिगत चमत्कार म्हणून सांगतात. छोट्या गावातली देवभोळी पोरं, सामन्याआधी गुडघे टेकून प्रार्थना, समोर श्रीमंतांचं विद्यापीठ, असा सगळा मसाला तिच्यात तयारच आहे. पण त्या काळचे नियम नीट पाहिले तर चमत्काराची गरज उरत नाही. १९२१ चा फुटबॉल असा बांधलेला होता की अकरा खरोखर चांगले खेळाडू जमवता आले तर कॉलेज किती मोठं आहे याला फारशी किंमत नव्हती. सेंटरने ते अकरा जमवले. कसे जमवले ही कथा तितकीशी सोवळी नाही, पण मजेदार आहे.

आधी खेळ समजून घेऊ

हा आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि बहुतेक वेळ तो हातातच असतो. मैदान १०० यार्डांचं, त्याच्या दोन्ही टोकांना १० यार्डांचा एकेक पट्टा. समोरच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, त्याचे ६ गुण. त्यानंतर दोन खांबांमधून किक मारून आणखी १ गुण मिळवण्याची संधी. टचडाउन जमत नसेल तर मैदानातूनच तशी किक मारून ३ गुण घेता येतात.

आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्न मिळतात. त्या चारांत १० यार्ड पुढे सरकलं की नवे चार. नाही सरकलं तर चेंडू समोरच्यांकडे. खेळाचा कणा एवढाच. बाकी सगळं, म्हणजे कोण कोणाला अडवणार, चेंडू घेऊन पळायचं की पुढे फेकायचा, हे या चार प्रयत्नांचं नियोजन.

ही रचना तेव्हा नवीनच होती. १९०५ च्या एका मोसमात अमेरिकेत फुटबॉल खेळताना किमान १८ जण दगावले. तेव्हाचा खेळ म्हणजे दोन्हीकडचे गडी एकमेकांत हात गुंतवून एकाच जागी आदळणार आणि ढिगाऱ्याखाली कोणाची तरी मान मोडणार. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. खेळावर बंदीच घाला, अशीही मागणी जोरात होती. बंदी आली नाही, पण १९०६ पासून नियम बदलत गेले. चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली, म्हणजे खेळ एका ढिगाऱ्यातून सुटून मैदानभर पसरू लागला. १९१० मध्ये सहकाऱ्याला ढकलून किंवा ओढून पुढे नेण्यावर बंदी आली. १९१२ मध्ये तीनाऐवजी चार प्रयत्न झाले आणि टचडाउनचे ५ चे ६ गुण झाले.

या बदलांचा फायदा छोट्या कॉलेजांना जास्त झाला असं मला वाटतं. नुसत्या वजनाने चिरडायचं असेल तर धिप्पाड गडी भरपूर लागतात. पण चेंडू फेकायचा, फसवायचा, मोकळ्या जागेत पळायचं, तर चपळ हात-पाय आणि डोकं लागतं, आणि ती छोट्या गावातही सापडतात.

कळीचा नियम

आजचा अमेरिकन फुटबॉल टीव्हीवर पाहिलात तर दिसेल, आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, किक मारायला येणारा आणखी वेगळा. चेंडू हातातून गेला की अख्खा संघच बदलतो. आयपीएलमधल्या 'इम्पॅक्ट प्लेअर' नियमाने एकाच्या बाबतीत जे होतं, ते इथे अकराही जणांच्या बाबतीत सामनाभर चालू असतं.

१९२१ मध्ये हे शक्यच नव्हतं. खेळाडू एकदा बाहेर गेला की त्याच क्वार्टरमध्ये त्याला परत आत येता येत नसे. त्यामुळे जो आक्रमणात धावायचा तोच बचावात समोरच्याला पाडायचा आणि वेळ आली की किकही मारायचा. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, चामड्याची पातळ टोपी (तीही सक्तीची नाही), आणि दमलो म्हणून बाहेर जायचं तर संघाचं नुकसान. चांगले खेळाडू शेवटपर्यंत मैदानातच राहत.

हार्वर्डच्या बाकावर पन्नास जण बसलेले असोत, मैदानात उतरणार अकराच. बाकावरच्या गर्दीचा उपयोग दुखापत झाली तर, किंवा शेवटी ताज्या दमाचे गडी उतरवायला. म्हणजे मोठ्या विद्यापीठाचा सगळ्यात मोठा फायदा, भरपूर माणसं, तो नियमानेच अर्धा कापलेला.

आणखी एक गंमत. सामना सुरू झाला की प्रशिक्षकाने कडेवरून सूचना देणं नियमबाह्य होतं, त्यासाठी दंड व्हायचा. आत जाणाऱ्या बदली खेळाडूकरवी निरोप पाठवायलाही मनाई. पुढची चाल कोणती हे मैदानातल्या क्वार्टरबॅकने, म्हणजे संघाच्या सूत्रधाराने ठरवायचं. तेव्हा क्वार्टरबॅक हुशार आणि थंड डोक्याचा असेल तर संघाचा अर्धा प्रश्न सुटला. सेंटरकडे बो मॅकमिलिन होता.

हे अकरा आले कुठून?

सेंटर कॉलेज १८१९ सालचं, प्रेस्बिटेरियन पंथाच्या ख्रिस्ती मंडळींनी काढलेलं. तिथे शिकलेला रॉबर्ट मायर्स, ज्याला सगळे 'चीफ' म्हणत, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरातल्या नॉर्थ साइड हायस्कूलमध्ये फुटबॉल शिकवत होता. तिथे त्याच्या हाताखाली एक विलक्षण पिढी तयार झाली. मॅकमिलिन, रेड वीव्हर, मॅटी बेल, बिल जेम्स अशी मंडळी. ही पोरं आपल्या जुन्या कॉलेजात न्यायची असं मायर्सने ठरवलं आणि १९१७ पर्यंत ती टेक्सासहून थेट केंटकीत आली.

अडचण एकच, दोघांचा अभ्यास. मॅकमिलिन आणि वीव्हर यांचे शाळेचे विषय पुरे झाले नव्हते, त्यामुळे कॉलेजात प्रवेश मिळेना. मग त्यांना केंटकीतल्याच सॉमरसेट गावच्या हायस्कूलमध्ये घालण्यात आलं. तिथे त्यांनी राहिलेला अभ्यास केला आणि अर्थात फुटबॉलही खेळले. याच सॉमरसेटचा रेड रॉबर्ट्स हा आडदांड गडी पुढे सेंटरचा दुसरा मोठा आधार झाला.

मायर्स स्वतः सेंटरचा प्रशिक्षक झाला, पण पोरांचा खेळ पाहून त्याच्या लक्षात आलं की यांना आपल्यापेक्षा तयारीचा माणूस हवा. त्याने ते काम चार्ली मोरानकडे सोपवलं आणि आपण व्यवस्थेकडे वळला. आपला संघ दुसऱ्याच्या हाती देणारे प्रशिक्षक फार नसतात. सेंटरच्या कहाणीत मला सगळ्यात आवडणारा माणूस मायर्सच. मोरान राहायला केंटकीतच. आधी टेक्सास ए अँड एम कॉलेजचा प्रशिक्षक राहिलेला, आणि उन्हाळ्यात नॅशनल लीगच्या बेसबॉल सामन्यांत पंच म्हणून उभा राहणारा. बेसबॉल संपला की फुटबॉल सुरू, असं त्याचं वर्ष.

आता कोणी म्हणेल, हे 'छोटं कॉलेज' कसलं, ही तर दुसऱ्या राज्यातून आणलेली फौज. खरं आहे. मॅकमिलिन १९२१ मध्ये २६ वर्षांचा होता, हार्वर्डच्या पोरांपेक्षा चांगलाच मोठा. आजच्या नियमांत यातल्या निम्म्या गोष्टी बसल्या नसत्या. पण तेव्हा जवळपास सगळ्यांचंच असं चाललेलं. छोट्या कॉलेजांत ते उठून दिसतं, एवढंच.

आधीची दोन वर्षं

१९१९ मध्ये सेंटरने नऊच्या नऊ सामने जिंकले. त्यात वेस्ट व्हर्जिनियासारखा तगडा संघही १४-६ ने हरवला. मोसमाअखेर वॉल्टर कॅम्प या अमेरिकन फुटबॉलच्या जनक मानल्या जाणाऱ्या माणसाने देशातल्या उत्तम अकरांची आपली यादी काढली. या यादीला तेव्हा वेदवाक्याचा मान होता. तिच्यात मॅकमिलिन आणि वीव्हर दोघेही आले. ज्या कॉलेजचं नाव पूर्वेकडे कोणी ऐकलं नव्हतं, त्याचे दोन खेळाडू अकरांत! सामन्याआधी प्रार्थना करणारा संघ म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना 'प्रेइंग कर्नल्स' (प्रार्थना करणारे कर्नल) हे नाव चिकटवलं, आणि हे नाव पुढे तिकीटविक्रीला फार उपयोगी पडलं.

१९२० मध्ये हार्वर्डचं आमंत्रण आलं. मध्यंतराला १४-१४ अशी बरोबरी होती. उत्तरार्धात मात्र हार्वर्डने ३१-१४ असा सामना काढला. चेंडू पुढे फेकण्याचं सेंटरचं कसब बॉस्टनकरांना इतकं आवडलं की ते पाहुण्यांसाठीच ओरडत होते. सामन्यानंतर हार्वर्डच्या कर्णधाराने सामन्याचा चेंडू भेट म्हणून मॅकमिलिनपुढे धरला, तेव्हा त्याने तो नाकारला आणि पुढच्या वर्षी जिंकून नेऊ असं सांगितलं, अशी कथा सांगतात.

त्या उत्तरार्धात काय झालं हे वर सांगितलेल्या गणितात बसतं. पहिल्या तीस मिनिटांत अकरा विरुद्ध अकरा, म्हणून बरोबरी. नंतर हार्वर्डकडे उतरवायला ताजे गडी होते, सेंटरकडे त्या तोडीचे नव्हते.

१९२१

नवा मोसम क्लेमसनवर १४-० अशा विजयाने उघडला. मग व्हर्जिनिया पॉलिटेक्निक, तोच आकडा. सेंट झेव्हियरला २८-६ ने हरवलं. ते ६ लक्षात ठेवा. त्यानंतर शेजारच्या ट्रान्सिल्व्हेनिया कॉलेजवर ९८-०. या आकड्याचं कौतुक करावं की लाज वाटावी, मला ठरवता येत नाही. आणि पुढच्याच शनिवारी हार्वर्ड.

हार्वर्डच्या बाजूचं थोडं सांगायला हवं, कारण चमत्काराची गोष्ट सांगणारे ते गाळतात. १९२१ चा हार्वर्ड आदल्या दोन वर्षांइतका भारी नव्हता. सेंटरशी खेळण्याच्या आठवडाभर आधीच पेन स्टेटने त्यांना २१-२१ असं बरोबरीत रोखलं होतं. आणि सेंटरनंतरच्या शनिवारी प्रिन्स्टनशी सामना होता. हार्वर्डच्या दृष्टीने मोसमातले खरे सामने दोनच, प्रिन्स्टन आणि येल. तो प्रिन्स्टनचा सामनाही ते पुढे हरले.

पूर्वार्धात गुण कोणालाच नाहीत. हार्वर्ड पुढे यायचं, सेंटर अडवायचं. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच चेंडू हार्वर्डच्या पट्ट्यापासून ३२ यार्डांवर सेंटरच्या ताब्यात होता. मॅकमिलिनने चेंडू घेऊन कडेच्या दिशेने धाव घेतली. रॉबर्ट्सने वाटेतला गडी आडवा केला. हार्वर्डचा बचाव त्या बाजूला धावत सुटला, तेव्हा मॅकमिलिन मधेच वळून उलट दिशेने आत शिरला आणि थेट पट्ट्यात पोहोचला. ३२ यार्डांची ती एक धाव. नंतरची किक हुकली. ६-०.

माझ्या मते सेंटरची खरी कमाई त्यानंतरची आहे. जवळपास पूर्ण दोन क्वार्टर, आदल्या वर्षी ज्या वेळात ते कोसळले होते त्याच वेळात, हार्वर्डला एकही गुण मिळू दिला नाही. ३२ यार्डांची धाव एक माणूस काढतो. अर्धा तास बचाव टिकवायला अकराही जण लागतात, आणि ते अकरा जण या वेळी पुरे पडले.

सामना संपला तेव्हा प्रेक्षकांतले एमआयटीचे विद्यार्थी मैदानात घुसले आणि त्यांनी गोलचे खांब उपटून काढले. शेजारच्या हार्वर्डची जिरलेली पाहायला मिळाल्याचा आनंद, दुसरं काय. केंटकीचे गव्हर्नर एडविन मॉरो म्हणाले की या क्षणी गव्हर्नर असण्यापेक्षा बो मॅकमिलिन असणं मला जास्त आवडलं असतं. राजकारणी माणूस विजयाच्या गाडीत चढणारच, पण मॉरो सॉमरसेटचे, तेव्हा त्यांना थोडी सूट देऊ.

डॅनव्हिलमध्ये त्या रात्री कोणी झोपलं असेल असं वाटत नाही. भिंतींवर, दुकानांवर, जिथे जागा दिसेल तिथे लोकांनी रंगाने 'सी६ एच०' लिहून काढलं, रसायनशास्त्राच्या सूत्रासारखं : सेंटर ६, हार्वर्ड ०. गावातल्या जुन्या पोस्टाच्या इमारतीवर त्यातलं एक जपून ठेवलं आहे.

नंतरचे चार सामने भराभर सांगता येतात. केंटकी विद्यापीठावर ५५-०, ऑबर्नवर २१-०, वॉशिंग्टन अँड लीवर २५-०, टुलेनवर २१-०. नियमित मोसमाचा हिशोब : नऊ सामने, नऊ विजय, केलेले गुण २८२, दिलेले ६. तेच सेंट झेव्हियरचे ६.

मोसम लांबला

इथे थांबले असते तर सेंटर अपराजित राहिलं असतं. पण नाव झालं होतं, बोलावणी येत होती, आणि मोठ्या सामन्याच्या तिकिटांतला वाटा छोट्या कॉलेजला सोडवत नाही. २६ डिसेंबरला कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला ॲरिझोना विद्यापीठाशी सामना, ३८-० असा जिंकला. तिथून आगगाडीने टेक्सास, आणि बरोबर सात दिवसांनी, २ जानेवारी १९२२ ला डॅलसमध्ये टेक्सास ए अँड एमशी लढत. मोरानचाच जुना संघ. भरीला त्याच दिवशी सकाळी फोर्ट वर्थमध्ये मॅकमिलिनचं लग्न लागलं. लग्नाच्या दिवशी दुपारी नवरदेव मैदानात! मुहूर्त कोणी काढला होता देव जाणे.

ए अँड एमचा प्रशिक्षक डॅना बायबल. सामना एवढा रगडून झाला की त्याचे गडी एकामागून एक जखमी होऊन बाहेर येऊ लागले. नियम तोच : बाहेर गेलेला लगेच परत येऊ शकत नाही. बाक रिकामं होत चाललं, तेव्हा बायबलला ई. किंग गिल आठवला. गिल फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे वळलेला विद्यार्थी, त्या दिवशी वर पत्रकारांच्या कक्षात बसून खेळाडू ओळखायला मदत करत होता. त्याला खाली बोलावलं. जखमी खेळाडूचा गणवेश त्याने अंगात चढवला आणि सामना संपेपर्यंत तयार उभा राहिला. त्याला उतरवण्याची वेळ आली नाही. ए अँड एमने २२-१४ असा सामना जिंकला. सगळ्या मोसमात सेंटरने दिलेल्या २८ गुणांपैकी २२ त्या एका दुपारी गेले.

ए अँड एममध्ये 'बारावा गडी' ही परंपरा तिथून सुरू झाली. अजूनही तिथले विद्यार्थी सामनाभर उभे राहतात, गरज पडली तर उतरायला तयार असल्याची खूण म्हणून. सेंटर मोठ्यांना हरवत होतं ते अकरांच्या हिशोबावर, आणि शेवटी हरलं ते बाक संपत आलेल्या संघाकडून. प्रवास, लग्न, थकवा ही कारणं खरी असतीलही. पण हजार मैलांची आगगाडी करून आलेल्या अकरा जणांना आळीपाळीने विश्रांती द्यायला दुसरे अकरा नव्हते, हे माझ्या हिशोबाने सगळ्यात मोठं कारण.

मग असं पुन्हा का झालं नाही?

काही वर्षं होत राहिलं. पण १९४१ मध्ये खेळाडू हवे तेव्हा बदलायची मुभा मिळाली. महायुद्धामुळे माणसांची टंचाई होती आणि दमलेल्यांना विसावा मिळावा हा हेतू. १९४५ मध्ये मिशिगनचा प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिस्लरने या मुभेचा पुरता फायदा उठवला : लष्करी अकादमीच्या बलाढ्य 'आर्मी' संघापुढे आक्रमणाचे आणि बचावाचे वेगवेगळे गट उतरवले. मिशिगन हरलं, पण युक्ती सगळ्यांनी उचलली. १९५३ मध्ये खर्चाच्या ओरडीमुळे जुना नियम परत आणून पाहिला. तो फार टिकला नाही, १९६० च्या दशकात मोकळीक कायमची आली. अकराऐवजी बावीस तयार खेळाडू हवेत म्हटल्यावर आणि त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या द्यायच्या म्हटल्यावर छोट्या कॉलेजाचा हिशोब जुळेनासा झाला. सेंटर आज तिसऱ्या श्रेणीत खेळतं. त्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही.

मॅकमिलिन पुढे प्रशिक्षक झाला. १९४५ मध्ये त्याच्या इंडियाना विद्यापीठाने एकही सामना न हरता बिग टेन ही मोठ्या विद्यापीठांची स्पर्धा जिंकली. पण त्याआधी, १९२६ मध्ये, तो पेनसिल्व्हेनियातल्या जिनिव्हा या आणखी एका छोट्या कॉलेजचा संघ घेऊन हार्वर्डच्या त्याच स्टेडियमवर गेला होता. जिनिव्हा १६, हार्वर्ड ७.